कबरीची जागा आणि नातवंडांचं नशीब : थाळनेर, बुऱ्हाणपूर आणि कोरियाचे डोंगर



आजचा विषय ऐकून काही जणांनी विचारलं, की फैजपूरच्या व्याख्यानमालेत कोरियाच्या राजांच्या कबरी कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नकाशात आहे. आपण बसलो आहोत तिथून उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. पूर्वेला सावदा, रावेर ओलांडलं की बुऱ्हाणपूर. पश्चिमेला यावल, चोपड्यावरून शिरपूरकडे निघालं की वाटेत थाळनेर. या दोन गावांत खान्देशच्या फारुकी राजांनी दोनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, आणि या दोन गावांतच त्यांनी आपले राजे मातीत ठेवले. म्हणजे राजाला शेवटी कुठे ठेवायचं हा प्रश्न आपल्या तापीकाठानं चांगला ओळखलेला आहे. कोरियानं त्याच प्रश्नाचं अगदी वेगळं उत्तर दिलं. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की आपलं आपल्यालाच नीट दिसायला लागतं. म्हणून कोरिया.

आधी कोरियाचं उत्तर काय, ते समजून घेऊ.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी फेंगशुईचा हसरा बुद्ध असेल, नाहीतर काचेच्या भांड्यातला बांबू असेल. ती बाजारातली आवृत्ती झाली. मूळ चिनी शब्दाचा अर्थ वारा आणि पाणी. कोरियन भाषेत त्यालाच पुंगसू म्हणतात. कल्पना अशी : जमिनीच्या पोटातून एक प्राणशक्ती वाहते. डोंगरांच्या रांगा म्हणजे तिच्या शिरा. वारा लागला की ती विखुरते, पाणी आडवं आलं की थांबते आणि साठते. म्हणून पाठीशी डोंगर आणि समोर पाणी असलेली जागा चांगली. डाव्या हाताला जी डोंगराची सोंड येते तो निळा ड्रॅगन, उजवीकडची ती पांढरा वाघ, मागचा डोंगर काळं कासव, समोरचा तांबडा पक्षी. या चौघांच्या कुशीत एक नेमकी जागा असते. वैद्य सुई टोचायला शरीरावरचा बिंदू शोधतो, तसा हा जमिनीवरचा बिंदू शोधायचा.

इथपर्यंत हे आपल्या वास्तुशास्त्रासारखंच वाटतं. फरक पुढे आहे. वास्तुशास्त्र मुख्यतः जिवंत माणसाच्या घराचा विचार करतं. पुंगसूमध्ये घर आहे, गाव आहे, राजधानीही आहे, पण खरी चिंता असते कबरीची. कारण समजूत अशी, की बापाची हाडं चांगल्या जागी पुरली तर जमिनीतली शक्ती हाडांत उतरते, आणि हाड व रक्त एकच असल्यामुळे ती मुला-नातवंडांपर्यंत पोचते. जागा चुकली, खाली पाणी निघालं, मुंग्या लागल्या, तर वंशाला खोट. म्हणजे मेलेला माणूस पडल्या पडल्या पुढच्या पिढ्यांचं नशीब घडवतो किंवा बिघडवतो.

सामान्य माणसाच्या बाबतीत हा प्रश्न त्याच्या कुटुंबापुरता. राजाच्या बाबतीत तो राज्याचा. म्हणून १३९२ ते १९१० एवढा काळ टिकलेल्या जोसॉन घराण्यात जागा पारखणारे सरकारी अधिकारी होते आणि त्यांची परीक्षा घेतली जायची. कबर राजधानीपासून साधारण शंभर री, म्हणजे चाळीस किलोमीटरच्या आत हवी, कारण नव्या राजाला तिथे जाऊन पूजा करायची असते. या घराण्याच्या राजा-राण्यांच्या ४२ कबरी आहेत. त्यातल्या दक्षिण कोरियातल्या ४० कबरी, १८ ठिकाणी पसरलेल्या, २००९ साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतल्या.

आता दोन राजे शेजारी ठेवू. दोघं एकाच काळातले.

एक आपला नासिर खान फारुकी. त्याचा बाप मलिक राजा. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकानं १३७० साली त्याला थाळनेरचा मुलूख दिला. पुढे तो स्वतंत्र झाला आणि १३९९ साली वारला. त्याला थाळनेरलाच तापीकाठी पुरलं. नासिर गादीवर आला. त्यानं आसा अहिराकडून अशीरगड कपटानं घेतला, तापीवर बुऱ्हाणपूर वसवलं, राज्याचं तोंडच पूर्वेकडे फिरवलं. १४३७ साली बहमनी फौजेकडून पराभव झाल्यावर तो गेला. त्याला नव्या शहरात ठेवलं नाही. थाळनेरला आणून बापाशेजारी ठेवलं. पुढे त्याचा मुलगा आदिल खान १४४१ साली गेला, नातू मुबारक खान १४५७ साली गेला. दोघांनाही थाळनेरलाच ठेवलं. बुऱ्हाणपूर ते थाळनेर हे अंतर सव्वाशे किलोमीटरहून जास्त आहे. बैलगाडी, पालखी, त्या काळचे रस्ते, आणि खान्देशचं ऊन. राजधानी इकडे आणि आजोबा तिकडे, तर राजाला आजोबांकडे न्यायचं, असा तीन पिढ्यांचा शिरस्ता दिसतो.

दुसरा कोरियाचा सेजोंग. राज्य १४१८ ते १४५०. कोरियन भाषेला स्वतःची लिपी देणारा हाच राजा. १४४६ साली ती लिपी जाहीर झाली आणि त्याच वर्षी त्याची राणी वारली. त्यानं तिची आणि स्वतःची जागा आपल्या वडिलांच्या कबरीजवळ ठरवली. जागा पारखणाऱ्यांनी हरकत घेतली, की हे ठिकाण शुभ नाही. सेजोंगनं ऐकलं नाही. त्याला वडिलांजवळच राहायचं होतं.

म्हणजे पंधराव्या शतकाच्या मध्यावर तापीकाठचा राजा आणि हान नदीच्या खोऱ्यातला राजा, दोघं एकच गोष्ट करतात : बापाशेजारी जाऊन झोपतात. इथवर दोघे सारखे.

पुढे काय झालं ते बघा. सेजोंगनंतर मोठा मुलगा गादीवर आला, तो दोन वर्षांत वारला. त्याचा लहानगा मुलगा राजा झाला, त्याला काकानं पदच्युत केलं आणि पुढे मारलं. त्या काकाचा थोरला मुलगा ऐन विशीत गेला. लोक म्हणू लागले, जागेनं घात केला. शेवटी १४६९ साली, एकोणीस वर्षांनी, सेजोंगची कबर उकरून राजधानीपासून दूर यॉजू इथे हलवली. ज्या माणसानं हट्टानं बापाचा शेजार मागितला होता, त्याला नातवंडांच्या भल्यासाठी तिथून उठवलं.

नासिरच्या वंशातही भानगडी कमी झाल्या नाहीत. पराभव झाले, भाऊबंदकी झाली, गुजरातच्या सुलतानाचा दाब राहिला. पण कोणी म्हटलं नाही, की थाळनेरची जागा वाईट, नासिरला उकरा. त्याचा पणतू दुसरा आदिल खान हा फारुकींमधला सर्वांत बलवान राजा. सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो वारला आणि त्याला बुऱ्हाणपुरातच ठेवलं. शिरस्ता मोडला, पण जुन्या कबरींना कोणी हात लावला नाही. थाळनेरचे थाळनेरलाच राहिले.

इथे फरकाचा धागा हाती लागतो. तो पकडून पुढे जाऊ. खान्देशात आणि दख्खनेत राजाची जागा मग कशावरून ठरत होती? मला तीन उत्तरं दिसतात.

पहिलं उत्तर आताच पाहिलं : आपल्या माणसांचा शेजार.

दुसरं : संताचा शेजार. बुऱ्हाणपूर हे नाव आलं शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यावरून. तापीच्या पलीकडच्या काठावर झैनाबाद, ते नाव शेख झैनुद्दीन यांच्यावरून. दोघेही चिश्ती संत, दोघांच्याही कबरी खुलताबादला. फरिश्तानं लिहिलेली कथा अशी, की नासिरनं अशीरगड घेतल्यावर झैनुद्दीन स्वतः भेटीला आले आणि त्यांनी ही दोन गावं वसवायला सांगितली. कथा तारखांत बसत नाही. झैनुद्दीन त्याआधी सुमारे तीस वर्षांपूर्वीच वारले होते. पण ती का सांगितली गेली हे कळतं. राजाला आपल्या गावाच्या जागेमागे संताचा शब्द हवा होता.

आणि हाच धागा पुढे उलट्या दिशेनं जातो. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरला वारला. तिथून त्याला खुलताबादला नेलं आणि त्याच झैनुद्दीनच्या दर्ग्यात ठेवलं. पहिला निजाम, निजाम-उल-मुल्क, १७४८ साली आपल्या या बुऱ्हाणपुरात वारला. त्यालाही खुलताबादला नेलं आणि बुऱ्हानुद्दीनच्या दर्ग्यात ठेवलं. संतांच्या नावानं वसलेल्या गावात मरण आलं, आणि शेवट त्याच संताच्या पायाशी झाला. या माणसांचा हिशेब नातवंडांसाठी नव्हता, स्वतःसाठी होता. कयामतच्या दिवशी उठायचं तेव्हा शेजारी कोणी पुण्यवान माणूस असावा, एवढाच.

तिसरं उत्तर : जिथे मरण आलं ती जागा, आणि जवळची नदी. हिंदू राजांच्या बाबतीत हाडं पुरायची नसल्यामुळे पुंगसूचा मुख्य आधारच निघून जातो. राख नदीत जाते, अस्थी तीर्थाला जातात. मागे राहते ती समाधी किंवा छत्री, म्हणजे आठवणीचं बांधकाम. शिवाजी महाराजांवर १६८० साली रायगडावर जगदीश्वराच्या देवळासमोर अंत्यसंस्कार झाले, समाधी तिथेच. सातारच्या राजघराण्याच्या समाध्या कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला. थोरले बाजीराव १७४० साली नर्मदेकाठी रावेरखेडीला तापानं गेले, चाळिशीही गाठली नव्हती, समाधी तिथेच नदीकाठी. (रावेरखेडी म्हणजे आपलं रावेर नव्हे. ती जागा मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यात आहे. हा घोटाळा आपल्याकडे नेहमी होतो.) पुण्याला परत आणून शनिवारवाड्यामागच्या टेकडीवर शुभ बिंदू शोधावा, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

मरण नेमकं कुठे गाठतं आणि माणूस मग कुठे राहतो, याचं सगळ्यात विलक्षण उदाहरण बुऱ्हाणपुरातच आहे. तिथे जरा थांबू.

१७ जून १६३१. शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात मुक्कामाला. मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात गेली. तिला तापीच्या पलीकडे झैनाबादच्या शाही बागेत तात्पुरतं पुरलं. याला अमानत म्हणतात, म्हणजे जमिनीकडे ठेव म्हणून ठेवणं. त्याच डिसेंबरात ठेव परत घेतली आणि शव आग्र्याला रवाना झालं. बुऱ्हाणपुरात आजही सांगतात, की ताज इथेच व्हायचा होता, पण मातीला वाळवी होती म्हणून बेत मोडला. ही दंतकथा. पण दंतकथेतसुद्धा आपण मातीची परीक्षा कशासाठी लावतो ते पाहा. इमारत टिकेल का, एवढाच प्रश्न. वंश टिकेल का, हा प्रश्नच त्यात नाही.

आग्र्याला यमुनेकाठची जी जागा निवडली ती होती मिर्झाराजे जयसिंगांकडची. त्यांचे पणजोबा राजा मानसिंग यांची तिथे हवेली होती. जागेच्या मोबदल्यात बादशहानं त्यांना चार हवेल्या दिल्या, त्याचं १६३३ चं फर्मान उपलब्ध आहे. हेच ते पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे. विजापूरच्या मोहिमेत अपयश आलं, परतताना ऑगस्ट १६६७ मध्ये ते वारले. कुठे? बुऱ्हाणपुरात. त्यांची छत्री तापी आणि मोहना नदीच्या संगमावर आहे. बुऱ्हाणपुरात गेलेली बेगम जयसिंगांच्या जमिनीत आग्र्याला झोपली, आणि जयसिंगांवर बुऱ्हाणपुरात चितेचा संस्कार झाला. कोणत्याही ज्योतिषाला ही अदलाबदल मांडता आली नसती.

आणि इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मुमताज गेली ती दोन वर्षं, १६३० ते १६३२, म्हणजे गुजरात, खान्देश आणि दख्खनच्या भीषण दुष्काळाची वर्षं. बादशहानं बुऱ्हाणपुरात लंगर उघडले होते. माणसं रस्त्यावर मरत होती. त्यांची जागा कोणी पारखली नाही. त्यांना जागाच नव्हती. राजाच्या कबरीचं शास्त्र बोलताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे, की हे शास्त्र मुळात ज्यांना जागा निवडता येते त्यांचं आहे.

कोरियातही तसंच. १७६२ साली राजपुत्र सादो याला त्याच्या बापानं, म्हणजे राजानंच, धान्याच्या लाकडी पेटीत कोंडून मारलं. त्या राजपुत्राचा मुलगा जोंगजो पुढे राजा झाला. बापाच्या दुःखानं पोळलेला माणूस. त्यानं १७८९ साली बापाची कबर सुवॉनजवळच्या एका उत्तम मानलेल्या डोंगरापाशी हलवली. पण त्या डोंगराच्या पायथ्याशी तर गाव होतं. मग गाव उठवलं. नुकसानभरपाई दिली, थोड्या अंतरावर नवं सुवॉन वसवलं आणि १७९४ ते १७९६ मध्ये त्याभोवती ह्वासॉंगचा किल्ला बांधला. आपल्याकडे धरणासाठी गाव उठतं. तिथे कबरीसाठी उठलं. जोंगजो १८०० साली वारला, त्याला बापाजवळ पुरलं. १८२१ साली त्याचीही जागा बरोबर नाही असं ठरलं आणि ती कबरही हलवली.

आता मी माझ्या विषयाकडे वळतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे इतिहास सांगता सांगता तर्काकडे पाय वळतातच.

पुंगसूवर तर्काच्या बाजूनं दोन आक्षेप आहेत. पहिला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा : काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. एकोणिसाव्या शतकात कोरियाच्या एका राजवंशीय माणसानं, तो पुढे देवॉनगुन या पदवीनं प्रसिद्ध झाला, आपल्या बापाची कबर एका बौद्ध मठाच्या जागी नेली. त्यासाठी मठ जाळला गेला. ती जागा दोन पिढ्या सम्राट देणारी, असं भाकीत होतं. १८६३ साली त्याचा मुलगा गोजोंग राजा झाला आणि १८९७ साली त्यानं सम्राट ही पदवी घेतली. त्याच्यामागून त्याचा मुलगा सम्राट झाला. भाकीत तंतोतंत खरं! आणि १९१० साली जपाननं देश गिळला. आता सांगा, जागा चांगली की वाईट? पुंगसूवाला म्हणेल, दोनच पिढ्या म्हटलं होतं. सेजोंगच्या वेळी दुःख आलं तर जागा वाईट, इथे देश गेला तरी जागा चांगली. जे शास्त्र कधीच चुकत नाही, ते काही सांगतही नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो आपल्या दर्शनांत आहे. कर्मसिद्धान्त मांडताना आपले आचार्य दोन दोष टाळायला सांगतात : कृतप्रणाश आणि अकृताभ्यागम. सोप्या मराठीत, केलेलं वाया जाऊ नये आणि न केलेलं माथी येऊ नये. आजोबांच्या हाडाखाली पाणी निघालं म्हणून नातवाला राज्य गमवावं लागणं, हा शुद्ध अकृताभ्यागम. नातवानं काय केलं होतं?

गंमत म्हणजे कोरियात हाच प्रश्न एका कोरियन माणसानंच विचारला. जोंग याग्योंग, दासान या नावानं ओळखले जातात, १७६२ ते १८३६. त्यांचा मुद्दा असा : मोठमोठी कर्तबगार माणसं जिवंतपणी घरात बसून, तोंडानं सांगून, डोळ्यांसमोर असलेल्या मुलाचं भलं करू शकत नाहीत. मग मातीतली वाळकी हाडं काय करणार? कबरींच्या जागांवरून चालणारे खटले आणि मारामाऱ्या हा त्यांच्या मते त्या काळचा मोठा रोग होता. आणि हे दासान कोण? जोंगजोनं बापाच्या कबरीपायी वसवलेल्या सुवॉनच्या किल्ल्याचा आराखडा ज्यांनी केला, दगड उचलायचं कप्पीचं यंत्र ज्यांनी योजलं, तेच. राजाच्या श्रद्धेसाठी त्यांनी बुद्धी वापरली आणि त्या श्रद्धेच्या मुळावर प्रश्नही विचारला. राजा गेल्यावर त्यांना अठरा वर्षं हद्दपारीत काढावी लागली.

पण मंडळी, आपणही फार शेफारून जाऊ नये. आपल्याकडे पितृदोष आहेच की. आखाजीला आपण घागर भरतो, पितरांना जेवू घालतो, आगारी टाकतो. मुलानं दिलेलं अन्न पितरांना पोचतं असं मानणं हाही काटेकोर कर्मसिद्धान्तात न बसणारा व्यवहार. तरी दोन्हींत दिशेचा फरक आहे. कोरियात मेलेले जिवंतांसाठी काम करतात, फळ वरून खाली येतं. आपल्याकडे जिवंत मेलेल्यांसाठी काम करतात, घास खालून वर जातो. पितर रागावले तर आपण जागा बदलत नाही. आपण विचारतो, माझ्याकडून काय करायचं राहिलं? म्हणजे दोष जमिनीवर न टाकता कर्तव्यावर येतो. म्हणून थाळनेरच्या आणि रावेरखेडीच्या जागा कोणी हलवल्या नाहीत, असं मला वाटतं. धर्म वेगळे होते, पण कबरीकडे नशिबाचं यंत्र म्हणून पाहण्याची सवय दोघांनाही नव्हती.

इथे मी थांबलो असतो तर सगळं आपल्या बाजूचं झालं असतं. आता दुसरी बाजू.

सेऊल आज केवढं शहर आहे! त्याच्या ऐन मध्यात, काचेच्या उंच इमारतींच्या गराड्यात, एका राजाच्या कबरीभोवती गर्द झाडी उभी आहे. कबरीचा डोंगर खोदायचा नाही, झाड तोडायचं नाही, पाण्याची वाट अडवायची नाही. भीतीपोटी, नातवंडांच्या लोभापोटी का होईना, हे नियम पाळले गेले. शास्त्र खोटं, पण रान खरं राहिलं. पहिल्या जोसॉन राजाच्या कबरीवर त्याच्या दूरच्या जन्मगावचं उंच गवत लावलं होतं, ते आजही दरवर्षी विधीपूर्वक कापतात.

आणि आपलं थाळनेर? थाळनेर म्हटलं की लोक लतादीदींचं आजोळ म्हणतात. बरोबरच आहे, अभिमानाचीच गोष्ट आहे. पण खान्देशचा पहिला स्वतंत्र राजा तिथे झोपलेला आहे, मुबारक खानाच्या कबरीची अष्टकोनी इमारत आणि तिचं कोरीवकाम पाहण्यासारखं आहे, हे शिरपूर तालुक्याबाहेर किती जणांना माहीत आहे? आपल्याला त्या हाडांकडून काही नको होतं, हे आपलं शहाणपण. काही नको होतं म्हणून आपण तिकडे फिरकलोच नाही, हा त्या शहाणपणाचा तोटा.

पण यावर आपल्याकडेच एक उत्तर आहे. रायगडावरच्या समाधीकडे पुढच्या काळात दुर्लक्ष झालं होतं. महात्मा फुले रायगडावर गेले, समाधी शोधून त्यांनी ती स्वच्छ केली. १८६९ साली त्यांचा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा प्रसिद्ध झाला. १८९५ साली टिळकांनी समाधीच्या दुरुस्तीसाठी निधी उभारण्याची चळवळ केली. यातला कोणी महाराजांचा वंशज नव्हता. त्या जागेकडून कोणाला राज्य मिळणार नव्हतं. तरी त्यांनी जागा जपली, कारण त्यांना महाराजांचं काही देणं लागत होतं. हा मार्ग भीतीचा नाही, लोभाचाही नाही. मला तो पुंगसूपेक्षा वरचा वाटतो. फक्त तो आपोआप चालत नाही. प्रत्येक पिढीत कोणाला तरी उठून गडावर जावं लागतं.

फैजपूरला हे वेगळं सांगायला नको. १९३६ साली काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन भरवायला हे गाव निवडलं गेलं, तेव्हा कोणी डोंगराची शीर पाहिली नव्हती. नंदलाल बोस यांनी बांबू आणि चटयांतून टिळकनगर उभं केलं. अधिवेशन संपलं, बांबू गेले, पण जागेला अर्थ आला. माणसांनी तिथे काहीतरी केलं म्हणून आला.

थाळनेर इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. बुऱ्हाणपूर तर जवळच. शाळेच्या सहली दूरदूर जातात, जाऊ द्या. एखादी सहल थाळनेरला न्या. तापीकाठी मुलांना उभं करा आणि सांगा, की बापाशेजारी झोपायला एक राजा इथवर आला, आणि त्याला इथून कोणी उठवलं नाही.

व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतली दोन प्रश्नं :

श्रोता : सर, न केलेलं माथी येऊ नये म्हणता, पण बापाचं कर्ज मुलाला फेडावंच लागतं ना? मग बापाच्या कबरीचं फळ का येऊ नये?

उत्तर : चांगला प्रश्न. कर्ज येतं, शेत येतं, कधी बापाचा मधुमेहही येतो. पण कर्जाचा कागद असतो, शेताचा सातबारा असतो, मधुमेहाचा रक्ताचा रिपोर्ट असतो. काय कुठून कुठे आलं हे दाखवता येतं, आणि म्हणून त्यावर उपायही करता येतो. हाडातून नशीब येतं याचा उतारा कुठल्या तलाठ्याकडे मिळतो? जे दाखवता येत नाही त्याचा उपाय फक्त दाखवणाऱ्याची दक्षिणा वाढवतो.

श्रोता : माझ्या मुलाची नोकरी गेली. वास्तुतज्ज्ञ म्हणतात स्वयंपाकघराची भिंत पाडा. पाडू का?

उत्तर : भाऊ, तुमची काळजी मी समजू शकतो. स्वयंपाकघरात उजेड नसेल, धूर कोंडत असेल, तर जरूर पाडा. घरातल्या बायांना बरं वाटेल. पण नोकरीसाठी पाडू नका. तेवढ्या पैशात मुलाला सहा महिने अभ्यासाला बसवा. सेजोंगची कबर हलवल्यानंही त्याचे गेलेले नातू परत आले नाहीत. आणि भिंत पाडून नोकरी लागली नाही, तर ते गृहस्थ पुन्हा येतील आणि म्हणतील, आता जिना हलवा.